माझीच मान हलली

काकांच्या सलूनमध्ये पावडर मिळत नाही. सुगंधी तेल नाही, केसांवर मारायचा स्प्रे नाही, आणि दाढीनंतर गालावर थापटायचं ते झोंबणारं लोशन तर नाहीच नाही. नवीन गिऱ्हाईक मान पुढे करून पावडरीची वाट बघत बसलं, की काका ओल्या टॉवेलने मान पुसतात, गालावर तुरटी फिरवतात आणि सांगतात, "पावडर साहेबांना सोसत नाही."

आता हे साहेब कोण, असं त्या बिचाऱ्याला वाटणारच. साहेब मागच्या खोलीत असतात. खोली आपली म्हणायची एवढंच. लाकडी पार्टिशनपलीकडे एक नळ, पाणी तापवायची किटली, टॉवेल वाळत घालायची दोरी आणि खिडकीपाशी भलामोठा पिंजरा. त्या पिंजऱ्यात साहेब, म्हणजे काकांचा पोपट. पण हिरवागार, मिरची खाणारा पोपट डोळ्यांसमोर आणाल तर फसाल. हा आफ्रिकन ग्रे जातीचा. अंगावर राखाडी सूट, आणि शेपूट मात्र लालभडक, जणू टाय घाईघाईत मागच्या बाजूला बांधला गेलाय. डोळे फिके पिवळे आणि बघणं असं, की आपणच कुठलातरी कागद आणायला विसरलोय. म्हणून साहेब. एका गिऱ्हाइकाची बदली झाली, तो "चारच दिवस सांभाळा" म्हणून पिंजरा ठेवून गेला, तो गेलाच. तेव्हा काकांची लेक शाळेत होती. आता ती लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहते, तरी ते चार दिवस अजून संपायचे आहेत.

या पक्ष्यांची फुफ्फुसं म्हणे भारी नाजूक असतात. तसं पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि काकांनी ते असं मनावर घेतलं, की विचारू नका. दुकानातली पावडर गेली, स्प्रे गेले. घरी काकूंना लेकीने वाढदिवसाला महागाचा नॉनस्टिक तवा दिला होता. असा तवा जास्त तापला तर त्याच्या धुराने पक्षी दगावतो, असं कळल्यावर काकूंनी तो त्याच दिवशी शेजारणीला देऊन टाकला. दिला खरा, पण त्यानंतर पोळी तव्याला चिकटली की स्वयंपाकघरातून आवाज यायचाच, "चिकटू दे! साहेबांचा जीव महत्त्वाचा, माझं काय!" आणि हे म्हणत म्हणत त्याच काकू डाळिंबाचे दाणे सोलून वाटीत काढून ठेवायच्या. माणसांच्या फुफ्फुसांची या घरात कुणी एवढी काळजी केली असेल तर शपथ.

रोज सकाळी काका प्रवासाच्या छोट्या पिंजऱ्यात साहेबांना घालून, वर टॉवेल टाकून, चालत दुकानात नेत. संध्याकाळी तसेच परत. दुकानात साहेब चकार शब्द काढत नसत. या जातीला परक्या माणसांसमोर लाज वाटते की तुच्छता, देव जाणे. गिऱ्हाइकं येऊन "बोल, बोल" करून थकत आणि साहेब एक डोळा मिटून घेत. पोस्टमास्तर तर रोज चिडवायचे. पोस्टमास्तर म्हणजे काकांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. निवृत्त होऊन जमाना झाला, बायको गेली, मुलं लांब, पण रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी पायरीवर हजर. रोजची दाढी काकांकडेच.

"काका, तुम्हाला फसवलंय त्याने. कबुतराला रंग देऊन गेला."

"कबुतर तुमच्याकडे असं बघेल का?"

"मग मुकं आहे."

"घरी येऊन ऐका एकदा. कान बंद करायला बोटं कमी पडतील."

आणि ते खरंच होतं. घरी पोचून टॉवेल निघाला रे निघाला, की साहेबांचं दुकान सुरू. कात्रीची कच कच, पाण्याच्या फवाऱ्याचं फुस्स, खुर्ची वर करताना तिचं कण्हणं, दारावरची घंटा, फोन. तेही इतकं हुबेहूब, की काका जेवता जेवता "या, बसा" म्हणून वळून बघत. काकूंचा "अहो, ऐकलंत का?" तर साहेब असा काढत की काका दोनदा आत जाऊन येत आणि काकू म्हणत, "मी कुठे हाक मारली?" दिवसभरात जे वारंवार कानावर पडेल, ते साहेब मुकाट्याने गोळा करत आणि संध्याकाळी घरी आणून ओतत. एकदा कानावर पडलेलं त्यांच्या लेखी नसायचंच. तेच तेच पुन्हा पुन्हा झालं तरच ते उचलत.

हे नीट ध्यानात ठेवा, कारण काकांच्या ते ध्यानात आलं नव्हतं.

झालं असं, की काकांचा उजवा हात थरथरायला लागला होता. एकदम नाही. आधी चहाची बशी वाजायला लागली. काका म्हणाले, थंडी आहे. मग किल्ली कुलुपात जायला वेळ लागायला लागला. काका म्हणाले, कुलूप गंजलंय. त्यांनी बशी सोडून पेला धरला, कुलूप बदललं, आणि दुकानात एक युक्ती काढली. वस्तरा चालवताना करंगळी गिऱ्हाइकाच्या जबड्यावर टेकवून ठेवायची, म्हणजे हात स्थिर राहतो. राहतो म्हणजे, बहुतेक वेळा राहतो. कधीमधी हनुवटीखाली एखादं लाल टिपूस यायचं. काका तुरटी लावायचे, विषय संपला. कुठल्या न्हाव्याच्या हातून कधी कापत नाही?

लेकीच्या मात्र लक्षात आलं होतं. ती पण याच कामात, पण मोठ्या काचेच्या पार्लरमध्ये. काका तिला चिडवत, "तुमच्याकडे केस कापतात की नुसते फोटो काढतात?" ती एकदा सहज आल्यासारखं दाखवून म्हणाली होती, "बाबा, मी येऊ का दुकानात? वस्तऱ्याचं काम मी बघते. तुम्ही कात्री बघा." काकांनी तिच्याकडे असं काही बघितलं, की साहेबांनीसुद्धा शिकून घ्यावं.

"का? मी मेलो का?"

"तसं नाही हो."

"हात चालतोय तोवर वस्तरा माझ्याच हातात राहणार. ज्या दिवशी चालणार नाही त्या दिवशी शटर ओढीन. समजलं?"

तिला समजलं. ती पुन्हा बोलली नाही. पण काकांना त्या रात्री झोप लागली नाही, कारण शटर ओढायचं हे शब्द पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून बाहेर पडले होते. काकांना दुसरं काहीही येत नव्हतं. ना पत्ते, ना बागकाम. सकाळी उठून खुर्चीमागे उभं राहायचं नसेल तर उठायचं कशाला, हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं आणि त्याची त्यांना धडकी भरत होती.

मग तो सुट्टीचा दिवस आला. दुकान बंद. दुपारची वेळ, काका खुर्चीत पेंगत होते, काकू जमिनीवर बसून शेंगा सोलत होत्या. साहेब घरच्या पिंजऱ्याच्या वर मोकळे बसले होते आणि अक्रोड फोडता फोडता एकदम सुरू झाले. आधी ब्रश वाटीत फिरल्याचा आवाज. मग वस्तऱ्याची खरखर. एकदा, दोनदा. आणि मग दातांमधून आत ओढलेला श्वास.

"स्स्स्!"

काकांनी डोळे उघडले.

"काही नाही, काही नाही," साहेब पोस्टमास्तरांच्या नाकातल्या आवाजात म्हणाले. "माझीच मान हलली."

काकू शेंगांची परात तशीच टाकून उठल्या आणि लगबगीने आत गेल्या. आतून मिक्सर सुरू झाला. पण साहेबांना आज मिक्सरची पर्वा नव्हती. पुन्हा खरखर, पुन्हा "स्स्स्!" आणि या वेळी बेकरीवाल्याचा जाडा आवाज, "चालू द्या काका, माझीच मान हलली." मग शाळेच्या बसच्या ड्रायव्हरचा, "नाही नाही, माझीच हलली मान." मग पुन्हा पोस्टमास्तर. पुन्हा. पुन्हा.

काका जागचे हलले नाहीत. एकेक प्रसंग त्यांना आठवत होता. प्रत्येक वेळी त्यांनी हेच ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी ते खरं मानलं होतं. म्हातारा माणूस, हलते मान. ड्रायव्हरला घाई असते, हलते मान. सुटं सुटं सगळं पटलं होतं. पण इतक्या लोकांच्या माना? आणि इतक्या वेळा, की पक्ष्याला पाठ व्हावं?

ते उठून आत गेले. काकू मिक्सरवर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. भांडं रिकामं होतं.

"रिकामा मिक्सर फिरवतेस?"

काकूंनी बटण बंद केलं.

"कधीपासून बोलतोय तो हे?"

"अहो, पक्षी आहे तो. काहीही बरळतो."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले," काकू म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. "तुम्ही अंघोळीला गेलात की बोलायचा. तुम्ही असलात की मी काहीतरी आवाज करायची. मला कसं सांगवेल तुम्हाला?"

काकांना आधी राग आला. काकूंचा, पोस्टमास्तरांचा, त्या राखाडी चोंबड्याचा तर फारच. ज्याच्यासाठी पावडर बंद केली त्यानेच घात केला! त्यांनी रागारागाने साहेबांना आत टाकलं आणि पिंजऱ्यावर टॉवेल ओढला. टॉवेलखालून अगदी काकूंच्या आवाजात "अहो, ऐकलंत का?" आलं. काकांना हसू यायच्या बेतात होतं, पण आलं रडू.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना नेहमीसारखं दुकानात नेलं. पोस्टमास्तर पायरीवर होतेच. आत आले, खुर्चीत बसले, चष्मा काढून मांडीवर ठेवला. काकांनी कापड बांधलं, गरम टॉवेल दिला, फेस केला. सगळं रोजच्यासारखं. मग वस्तरा हातात घेतला आणि रोज जे बघत नसत ते बघितलं. इतकी वर्षं त्यांचं लक्ष गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर असे, बाकी माणूस कापडाखाली असतो. आज त्यांनी कापडाची कड थोडी उचलली. पोस्टमास्तरांनी खुर्चीचे दोन्ही हात इतके गच्च धरले होते, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. मान मागच्या उशीवर अशी दाबून ठेवली होती की भूकंप झाला तरी हलणार नाही. चेहरा मात्र हसरा. डोळे मिटलेले.

काकांनी वस्तरा मिटला आणि फळीवर ठेवला.

"काय झालं?" पोस्टमास्तरांनी एक डोळा उघडला.

"डोळ्यांचं जरा..." काका म्हणाले. "डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, वस्तऱ्याचं काम बंद करा. दिसत नाही नीट."

"डोळे?"

"हो. डोळेच."

"हां. डोळ्यांचं काय सांगावं," पोस्टमास्तर फेसातून म्हणाले. दोघेही आरशात एकमेकांना बघत होते आणि दोघेही साफ खोटं बोलत होते. बाहेर रस्त्यावर कुणी नव्हतं. दुकानात नळाचा थेंबसुद्धा पडत नव्हता. अशी शांतता त्या दुकानात कधी नसायची, आणि साहेबांना बहुधा ते घर वाटलं.

"स्स्स्!" पार्टिशनमागून आवाज आला. "काही नाही, काही नाही. माझीच मान हलली."

पोस्टमास्तर ताडकन सरळ झाले. फेस कापडावर गळला.

"हा... हा माझा आवाज आहे."

"तुमचाच."

"ते कबुतर बोलतं?"

"आता बेकरीवाला येईल बघा," काका म्हणाले, आणि आलाच. मागोमाग ड्रायव्हर. पोस्टमास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्या पोटातून जे हसू निघालं ते आवरेना. काकाही हसायला लागले. खुर्चीच्या पाठीला धरून हसता हसता त्यांचा आवाज कधी चिरकला ते त्यांनाही कळलं नाही.

"सांगायचं नाही का मला?" काका म्हणाले. "तुमच्या गळ्यावर वस्तरा ठेवत होतो मी! गळ्यावर! काही झालं असतं म्हणजे?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?" पोस्टमास्तरांचं अहो-जाहो गळून पडलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "शटर ओढलं असतंस. मग मी सकाळी उठून कुठे जाऊ? सांग ना. घरी आरशासमोर एकट्याने दाढी करू? तुझ्या हातून थोडं कापलं तर कापलं. तेवढं चालतं मला."

"मला नाही चालत," काका म्हणाले. "मला ते स्स्स् ऐकवत नाही रे."

पोस्टमास्तरांच्या गालावरचा फेस सुकायला लागला होता. काकांनी खिशातून फोन काढला. नंबर लावायला हात ऐकेना, तेव्हा त्यांनी तो पोस्टमास्तरांपुढे धरला.

"लेकीला लाव. म्हणावं, दुकानात ये. म्हणावं, वस्तऱ्याचं काम आहे."

ती धावतच आली. पार्लरचा काळा एप्रन अंगावर तसाच. बापाकडे बघितलं, फेस सुकलेल्या पोस्टमास्तरांकडे बघितलं, आणि काही न विचारता हात धुतले. आतापर्यंत तिने बक्कळ दाढ्या केल्या होत्या, पण तरण्या, ताठ गालांच्या. पोस्टमास्तरांच्या गालावर नुसत्या वळ्या. फेस नव्याने केला, वस्तरा टेकवला, पण पुढे सरकवायची तिची छाती होईना.

"कातडी ताणून धरायला लागते," काका म्हणाले. "एका हाताने नाही जमत तुला अजून. थांब."

ते डाव्या बाजूला येऊन उभे राहिले आणि डाव्या हाताची दोन बोटं पोस्टमास्तरांच्या कानाजवळ ठेवून गाल वर ओढला. डावा हात दगडासारखा स्थिर होता. "आता ये. वरून खाली. दाबू नकोस, त्याचा तो चालतो." लेकीने वस्तरा चालवला. गाल झाला. हनुवटी झाली. काकांची बोटं पुढे पुढे सरकत होती आणि त्यांच्या मागोमाग तिचा वस्तरा येत होता. गळ्यापाशी आल्यावर काकांनी श्वास रोखला, लेकीनेही रोखला. पोस्टमास्तर मात्र हात सैल सोडून, तोंड किंचित उघडं ठेवून, चक्क डुलकी काढत होते.

तुरटी फिरवून झाल्यावर ते जागे झाले. चष्मा लावला, गालावरून हात फिरवला, मान इकडून तिकडे वळवून बघितली. खुर्चीतून उठले आणि लेकीला म्हणाले, "छान. उद्या किती वाजता येऊ?"

लेकीने बापाकडे बघितलं. काका साबणाची वाटी उचलत होते. हाच प्रश्न आजवर त्यांना विचारला जात होता, आणि त्याचं उत्तरही त्यांच्या जिभेवर होतं. ते त्यांनी गिळलं. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि पोरीचा हात बघून ऊर भरूनही आला. दोन्ही एकदमच.

"माझ्याकडे काय बघतेस?" ते म्हणाले. "गिऱ्हाईक तुझं आहे."

आणि वाटी धुवायला मागे गेले. नळ सोडला, वाटी त्याखाली धरली आणि मनसोक्त रडून घेतलं. साहेब दांडीवरून सरकत सरकत पिंजऱ्याच्या या टोकाला आले. मान खाली घातली, मानेवरची पिसं फुलवली आणि डोकं तारेला टेकवून खाजवून घ्यायला उभे राहिले. काकांनी नळ बंद केला. आधी डावा हात पुढे केला, मग थांबले आणि तारेतून उजव्या हाताचं बोट आत घातलं. बोट थरथरत होतं. साहेबांनी डोळे मिटून घेतले आणि मान आणखी पुढे केली.